फणी माझ्या हातात, पुस्तक तिच्या

माझी लेक चार वर्षांची असताना एका संध्याकाळी माझी जांभळी ओढणी डोक्याला सहा क्लिपांनी घट्ट बसवून आली आणि म्हणाली, “हे माझे खरे केस.” ओढणी पार घोट्यापर्यंत लोंबत होती. आरशासमोर उभी राहून ती मान झटकत होती, ओढणी पाठीवर टाकत होती, पुन्हा पुढे घेत होती. मी “छान” म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तिचे बाबा आफ्रिकन-अमेरिकन, मी सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यातली. आम्ही अमेरिकेत बाल्टिमोरला राहतो. लेकीचे केस बाबांवर गेलेत. एकेक केस पेनातल्या स्प्रिंगसारखा. वाळले की कानापर्यंत आक्रसतात, ओले करून ओढले की खांद्याखाली येतात. आता ती आठ वर्षांची आहे आणि ती ओढणी पुन्हा ओढणीच झाली आहे. मधल्या चार वर्षांत आमच्या घरी सगळ्यात जास्त काम चित्रांच्या पुस्तकांनी केलं. पण ती नुसती आणून ठेवून नाही. कशी वाचली, कधी वाचली, कुठली परत कपाटात टाकली, ते इथे सांगते. मुलांच्या केसांबद्दल मला विचारणाऱ्या आयांपैकी बऱ्याच जणींची मुलं पुण्या-नाशिकचीच आहेत, फक्त कुरळ्या केसांची. त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी गुंता, मग गोष्ट

रोज सकाळी ज्या डोक्याला कळा लागतात, त्या डोक्याला ‘तुझे केस सुंदर आहेत’ हे कुठलंच पुस्तक पटवू शकत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती फणीची.

पहिली तीन वर्षं मी माझ्या आईनं माझे केस विंचरले तसेच तिचे विंचरले. कोरड्या केसांना खोबरेल तेल चोपडायचं, बारीक दातांची फणी मुळापाशी लावायची आणि खाली ओढायची. सरळ केसांत ते चालतं. घट्ट कुरळ्या केसांत प्रत्येक वळणाशी फणी अडकते, केस तुटतो आणि पोर किंचाळतं. शेवटी माझ्या सासूबाईंनी माझ्या हातातून फणी काढून घेतली. रागावल्या नाहीत. शेजारी बसवून दाखवलं. केस ओले करायचे, कंडिशनर भरपूर लावायचा, डोक्याचे भाग पाडून बाकीचे क्लिपांनी बाजूला ठेवायचे. मग बोटांनी आणि रुंद दातांच्या कंगव्यानं गुंता खालून, टोकांकडून सोडवत वर मुळाकडे जायचं. टाळूतलं तेल सरळ केसावरून सहज उतरतं, पण वळ्यावळ्यांच्या केसावरून ते टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून हे केस मुळातच कोरडे असतात. रात्री साटीनची टोपी घालायची तीही याचसाठी, कारण सुती उशी उरलासुरला ओलावा शोषून घेते.

हे जमायला लागलं तरी रविवारच्या न्हाण्यानंतर तिला दीड तास एका जागी बसावं लागायचं. पुस्तक आलं ते त्या दीड तासात.

बसायचं कसं

ती पाटावर, मी मागे खुर्चीत, ती माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. समोर खुर्चीला टेकवून आरसा. पुस्तक तिच्या मांडीवर, पानं उलटायचं काम तिचं. माझे हात कंडिशनरनं माखलेले असतात, त्यामुळे मला पुस्तक धरता येत नाही. ही अडचण फार कामाची निघाली. मला पान नीट दिसत नाही, म्हणून एकतर मजकूर मला पाठ असायला हवा, नाहीतर तिनं मला चित्र सांगायला हवं. “काय दिसतंय तिथे?” असं मी विचारते ते शिक्षिकेसारखं नाही, मला खरंच दिसत नसतं. मुलांना हा फरक कळतो. परीक्षा घेणारा प्रश्न आला की ती गप्प बसतात, खऱ्या प्रश्नाला भरभरून बोलतात.

चित्रांची पुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात. शीर्षकाची वगैरे पानं सोडली की समोरासमोरच्या पानांच्या साधारण चौदा जोड्या उरतात. मी तिच्या डोक्याचे चौदा भाग पाडते. एका भागाला एक जोडी. गुंता सोडवला, दोन बटा करून पीळ घातला, टोकाला मणी अडकवला की पान उलटायचं. किती राहिलं हे तिला पुस्तकाच्या जाडीवरून कळतं. “अजून किती?” हा प्रश्न आमच्या घरातून जवळजवळ गेला. दुखलं तर तिनं पुस्तक मिटायचं. मिटलेलं पुस्तक दिसलं की माझे हात थांबतात. हा करार मी एकदाही मोडलेला नाही, आणि तुम्हीही मोडू नका. थांबेन म्हणून न थांबणाऱ्या आईचं पुढचं काहीही मूल ऐकत नाही.

पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर घाला. वाचनालयाचं असेल तर मांडीवर टॉवेल अंथरा. हे मी भरपाई भरून शिकले.

बुधवारी मधल्या दुरुस्तीचं काम तिच्या बाबांचं. त्यांनी निवडलेलं पुस्तक म्हणजे २०१९ सालचं ‘हेअर लव्ह’. त्यात बाप मुलीचे केस करतो. मॅथ्यू चेरी लेखक, वश्ती हॅरिसन चित्रकार, आणि त्याच गोष्टीच्या लघुपटाला २०२० साली ऑस्कर मिळालं. घरातल्या पुरुषांनी वेणीफणी करावी असं वाटत असेल तर त्यांच्यासाठीही पुस्तक आणा.

कुठलं पुस्तक घ्यावं, कुठलं नको

अमेरिकेत या पुस्तकांची परंपरा काळ्या लेखकांनी आणि चित्रकारांनी चिकाटीनं उभी केली आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालसाहित्य केंद्रानं १९८५ साली मोजलं, तेव्हा वर्षभरात छापलेल्या सुमारे अडीच हजार बालपुस्तकांपैकी फक्त १८ काळ्या लेखक-चित्रकारांची होती. माझ्या नवऱ्याचं बालपण त्या सुमाराचं. त्याला लहानपणच्या पुस्तकातलं स्वतःसारखं दिसणारं एकही डोकं आठवत नाही. १९९० साली रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी लिहिलं की मुलांची पुस्तकं खिडक्या असतात, त्यातून दुसऱ्याचं जग दिसतं, आणि उजेड योग्य पडला की तीच खिडकी आरसा होते. माझ्या लेकीच्या कपाटात तेव्हा नुसत्या खिडक्या होत्या. बनी, अस्वलं, सोनेरी केसांच्या राजकन्या, आणि मी भारतातून आणलेल्या पुस्तकांत दोन लांब वेण्यांच्या मुली.

मग मी उत्साहानं आठ-दहा ‘केसांची’ पुस्तकं एकदम आणली, आणि तिथे चुकले. त्यातल्या काहींचा साचा असा असतो: मुलीला आपले केस आवडत नाहीत, शाळेत चिडवतात, ती रडते, केस सरळ करायला बघते आणि शेवटच्या दोन पानांत तिला पटतं की आपले केस सुंदर आहेत. मोठ्यांना हे पुस्तक फार आवडतं, कारण त्यात आपलं दुःख असतं. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला त्यातली पहिली बारा पानं लक्षात राहतात. केसांवरून चिडवता येतं हेच काहींना तिथे पहिल्यांदा कळतं. अशी पुस्तकं मी उचलून वर ठेवली. ज्या मुलाला खरोखर चिडवलं गेलंय आणि जे त्याबद्दल बोलतंय, त्याच्यासाठी ती आहेत. तेव्हाही त्याच दिवशी औषधाच्या चमच्यासारखं पुस्तक पुढे करू नका. दोन-चार दिवस जाऊ द्या.

लहानांसाठी शोधा ते असं पुस्तक, ज्यात केसांवर काम चाललंय, हात दिसतायत, माणसं जवळ बसली आहेत. आमचं आवडतं १९९८ सालचं ‘आय लव्ह माय हेअर!’, नताशा अनास्तासिया टार्पली यांचं, ई. बी. लुईस यांच्या जलरंगातल्या चित्रांचं. त्यात आई रोज रात्री मुलीचे केस विंचरते. ते दुखतं, आणि पुस्तक ते लपवत नाही. आई थांबते आणि या केसांचं काय काय होऊ शकतं ते सांगायला लागते. डोक्यावरच्या वेण्यांच्या रांगा म्हणजे बागेत बी पेरलेल्या ओळी, असं त्यात येतं. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेक वळून म्हणाली, “तिलापण दुखतं?” आणि पुढचे तीन भाग हूं की चूं न करता बसली.

आणि निम्मी पुस्तकं अशी हवीत ज्यांत केसांचा विषयच नाही. कुरळ्या केसांची मुलगी कुत्रा हरवला म्हणून शोधते आहे, पाऊस मोजते आहे, भावाशी भांडते आहे. केस आहेत, कारण ती आहे. मला विचाराल तर या पुस्तकांनी जास्त काम केलं.

मुलग्यांना विसरू नका. माझ्या पुतण्यासाठी ‘क्राउन: ॲन ओड टू द फ्रेश कट’ आणलं. न्हाव्याच्या खुर्चीतून उठणाऱ्या पोराचा थाट त्यात आहे. डेरिक बार्न्स यांची कविता, गॉर्डन जेम्स यांची तैलचित्रं, २०१७ सालचं. त्यानं ते न्हाव्याकडे नेलं.

चित्रातले केस बघायला शिका

पुस्तक विकत घेण्याआधी मी मजकूर वाचत नाही, केस बघते. चित्रकारानं काळा ढग काढून सोडून दिलाय की आत रेषा आहेत? भांग दिसतो का? कपाळाशी बारीक लव आहे का? झोपताना टोपी आहे का, की पोर उशीवर मोकळ्या केसांनी झोपलंय? पानागणिक केस बदलतात का, म्हणजे सोमवारच्या वेण्या गुरुवारी जरा विसकटलेल्या दिसतात का? ज्यानं हे केस हातात घेतलेत तो हे काढतो.

घरी तेच लेकीबरोबर करायचं. एक दिवस तिनं पानावर बोट ठेवलं. कानामागून सुटलेली एक छोटीशी वळी, स्वल्पविरामाएवढी. “ही माझी आहे,” ती म्हणाली. आरशात मान वळवून तिनं स्वतःची शोधली, सापडली, ती ओढून सोडली, ती टुणकन परत गेली. मग चित्रातली वळीही तिनं नखानं ओढून बघितली. पुस्तकाच्या त्या जागी अजून नखाचा ओरखडा आहे. मी काही बोलले नाही. अशा वेळी “बघ, किती सुंदर!” म्हणायचा मोह होतो. तो आवरा. तिला जे सापडलं ते तिचं राहू द्या.

“तुला तुझे केस आवडतात ना?” हा प्रश्नही विचारू नका. त्याला एकच उत्तर चालतं हे मुलांना कळतं, मग ती तेवढंच देतात.

शब्द

पुस्तक इंग्रजी, मी मराठीतून वाचते, त्यामुळे शब्द मला शोधावे लागले. डोक्याला चिकटून रांगेत घातलेल्या वेण्यांना अमेरिकेत मक्याच्या रांगा म्हणतात, कॅरिबियन बेटांवर उसाच्या रांगा. मी उसाच्या शेतातली. माझ्याकडे शब्द तयार होता: सरी. “आज सऱ्या पाडायच्या की पीळ घालायचे?” असं मी विचारते. फोनवर माझ्या वडिलांना तिनं सांगितलं, “आबा, माझ्या डोक्यावर आठ सऱ्या आहेत,” तर त्यांनी विचारलं, “पाणी कधी सोडलं?” तेव्हापासून न्हाण्याला आमच्याकडे पाणी सोडणं म्हणतात. आजोबांना नातीच्या केसांशी बोलायला शब्द नव्हता, तो असा मिळाला. तुम्हीही तुमच्या गावाकडचे, तुमच्या कामातले शब्द शोधा. वळी, वेटोळं, पीळ, गाठ, झुबका. मराठीत भरपूर आहेत.

काही शब्द मात्र घराबाहेर काढावे लागतात. झिपरी, पिंजारलेली, भूत दिसतेस, चेटकीण. माझी आजी मला लाडानं झिपरी म्हणायची, मला ते गोडही लागायचं. पण लाडाचा शब्द तोंड बदललं की शिवी होतो. अमेरिकेत १९९७ साली कॅरोलिविया हेरन या लेखिकेचं ‘नॅपी हेअर’ आलं. घरच्या मेळाव्यात काका पुतणीच्या केसांचं कौतुक करतात आणि सगळं घर साथ देतं, असं ते पुस्तक. पण ‘नॅपी’ हा शब्द गुलामगिरीच्या काळापासून काळ्या माणसांच्या केसांना हिणवायला वापरलेला. १९९८ साली ब्रुकलिनमधल्या एका गोऱ्या शिक्षिकेनं ते वर्गात प्रेमानं वाचलं. पालकांच्या हाती पडल्या त्या काही पानांच्या काळ्यापांढऱ्या झेरॉक्स. प्रचंड गदारोळ झाला आणि त्या बाईंनी ती शाळा सोडली. माझ्या सासूबाईंना त्या शिक्षिकेबद्दल वाईट वाटतं आणि त्या पालकांचंही पटतं. मलाही. शाळेत हा विषय घेणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं एवढंच: आधी ज्या घरांतली ही मुलं आहेत त्या घरांना पुस्तक दाखवा, पूर्ण, रंगीत. आणि घरात लाडाचा म्हणून जो शब्द चालतो, तो तुम्ही उचलू नका.

मागच्या सुट्टीत माहेरी गेलो तेव्हा शेजारच्या काकूंनी लेकीचे पीळ बघून हळूच मला बाजूला घेतलं. “जट आलीय का गं पोरीला?” त्यांच्या आवाजात हेटाळणी नव्हती, भीती होती. आमच्या भागात जट आली म्हणून देवीला सोडलेल्या मुली त्यांनी पाहिल्यात, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन समजूत घालून जट सोडवतात तेही पाहिलंय. मी त्यांना लेकीचं पुस्तक दाखवलं. एका पानावर पीळ कसा घालतात ते क्रमानं होतं. मग एक पीळ उलगडून दाखवला, परत घातला. काकूंनी दुसरा स्वतः घालून बघितला. मोठ्यांना समजवायलाही चित्र बरं पडतं.

हात लावणारे

बाल्टिमोरला दुकानात, सांगलीत लग्नात, सगळीकडे लोक हात घालतात. “बघू बघू, स्प्रिंग!” कुरळ्या केसांच्या प्रत्येक मुलाची ही तक्रार असते. पुस्तकात कुणी कुणाच्या डोक्याला हात लावताना दिसलं की आम्ही तिथे थांबतो आणि मी विचारते, “हिनं विचारलं होतं का?” आई, आजी, न्हावी यांनी विचारलेलं असतं किंवा रोजचं असतं. बाकीच्यांचं काय? मग वाक्याची तालीम. “हात नको लावू, बघ नुसतं.” मोठ्यांना: “हात लावू नका ना काकू.” लग्नात तिनं हे एका पाहुण्यांना म्हटलं तेव्हा मागे मी उभी होते, आणि “लहान आहे हो ती” असली सारवासारव केली नाही. तिथे आपण डगमगलो की तालीम वाया जाते. केसांचा विषय किरकोळ नाही. केसांच्या ठेवणीवरून शाळेत आणि नोकरीत अडवू नये यासाठी कॅलिफोर्नियाला २०१९ साली कायदा करावा लागला, अमेरिकेतला तसा पहिला.

पुस्तक मिळत नसेल तर

मराठीत घट्ट कुरळ्या केसांच्या मुलीचं पुस्तक शोधून मी दमले. पण चित्रं आहेत. कॅलेंडरवरच्या बाळकृष्णाच्या कपाळावर वळ्या असतात. आणि मागच्याच सुट्टीत, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी, फळीवर बुद्धाची मूर्ती होती. लेक तिच्यासमोर बराच वेळ उभी. मग एकेक वळी बोटानं मोजायला लागली. डोक्यावर सगळीकडे गोगलगाईएवढ्या गोल गोल गाठी. “यांचे कुणी केले?” तिनं विचारलं. मैत्रीण म्हणाली, “त्यांचे तसेच आहेत.”

प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, आणि तिथली चित्रं घेऊन स्वतःची गोष्टही रचता येते. तिथे आधी चित्रं चाळा, केस बघा, मग गोष्ट लिहा.

आणि घरी करा. एक मोठा कागद तीनदा दुमडला की दोन्ही बाजू धरून सोळा पानं होतात. शिवण दोऱ्याची. आमच्या पहिल्या पुस्तकात माझ्या आजीचा नऊवारीतला अंबाड्याचा फोटो आहे, सासूबाईंचा १९७२ सालचा कॉलेजातला फोटो आहे, ज्यात त्यांचा आफ्रो, म्हणजे मोकळ्या फुलवलेल्या केसांचा गोल झुबका, चौकटीच्या कडांना टेकलाय, आणि मध्ये लेक. प्रत्येक फोटोखाली त्या बाईचे केस कोण करायचं ते लिहिलंय. आजीचे तिच्या जावेनं. सासूबाईंचे त्यांच्या बहिणीनं. हे विचारायला फोन करावे लागले, आणि त्या फोनांवर ज्या गोष्टी निघाल्या त्यांचं दुसरं पुस्तक झालं. खडूंच्या पेटीतला एकच काळा पुरत नाही, तपकिरीच्या दोन छटा घ्या. लोकरीचे तुकडे, पिळलेला दोरा, कापसाची वात, जे हाताशी असेल ते चिकटवा.

दर वाढदिवसाला एक पान वाढतं. यंदाचं तिनं एकटीनं केलं. खाली लिहिलंय: “रविवार. १४ पीळ. दोनदा दुखलं. आई थांबली.” वर चित्र. केस कागदात मावेनात, म्हणून तिनं वरच्या बाजूला दुसरा कागद जोडून मागितला. चिकटपट्टी जरा तिरकी लागली आहे आणि पुस्तक आता नीट मिटत नाही.